सोलरच्या पाण्याला विसण घालणारा व्हॉल्व अडकला तर

कपाशी, सोयाबीन सोडून हा माणूस आज न्हाणीघरात कुठं शिरला, असं तुम्हाला वाटेल. पण गावोगावच्या सभांतून पिकाचं बोलणं संपलं की हळूच एक प्रश्न येतो. "साहेब, सोलरचं पाणी एखाद्या दिवशी चटका देतं, एखाद्या दिवशी कोमटसुद्धा येत नाही. सोलर बिघडलं का?" बहुतेक वेळा सोलर ठणठणीत असतं. बिघडलेला असतो तो खालचा मुठीएवढा पितळी व्हॉल्व. आज त्याचीच माहिती घेऊ.

पूर्वी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं की आई त्याला विसण घालायची. आपल्याकडं कोणी इसण म्हणतं. म्हणजे गार पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असं करायचं. हेच काम हा व्हॉल्व आपोआप करतो. त्याला तीन तोंडं असतात. एकातून सोलरचं गरम पाणी येतं, दुसऱ्यातून टाकीचं गार पाणी येतं आणि तिसऱ्यातून मिसळलेलं पाणी नळाला जातं. पोटात मेण भरलेली एक छोटी कुपी असते. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, कुपीची दांडी बाहेर येते आणि दट्ट्या सरकून गरम पाण्याची वाट आवळतो. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग दट्ट्याला मागं ढकलते. वीज लागत नाही, काही नाही. फक्त दट्ट्या मोकळा सरकला पाहिजे.

तो सरकत नाही याचं कारण आपलं पाणी. आपल्या जिल्ह्यात चिखली, मेहकरकडं काळ्या खडकातल्या विहिरींचं पाणी आहे, आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडं खारपाणपट्टा आहे. खारं पाणी आणि जड पाणी ही एकच गोष्ट नव्हे. चवीला खारट लागतं ते मुख्यतः सोडियमच्या क्षारांमुळं. ज्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. असं पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना वेगळा होऊन भांड्याला चिकटतो. बंबाच्या आत पांढरी खरपुडी तुम्ही पाहिलीच असेल. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की हे काम आणखी जोरात होतं, आणि सोलरचं पाणी उन्हाळ्यात ८० अंशांपर्यंतही जातं. तीच खरपुडी दट्ट्याभोवती बसते. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या विहिरीचा आकडा पाणी तपासून एकदा माहीत करून घ्या. ठिबकासाठीही तो लागतोच.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचा व्हॉल्व अडकला आणि पाणी गार येऊ लागलं. नळ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं व्हॉल्वच काढून टाकला आणि गरम पाण्याची लाइन सरळ जोडून दिली. "आता बघा कसं कडक पाणी येतं," म्हणाला. मीही कामाच्या घाईत होतो, हो म्हटलं. चैत्रात वडील न्हाणीत बसले आणि त्यांनी पायावर नळ सोडला. त्यांना मधुमेह आहे, तळपायाला बधिरपणा आहे. चटका त्यांना कळलाच नाही. फोड आल्यावर कळलं. जखम भरायला दोन महिने लागले. शेतकऱ्यांना फवारणीची काळजी सांगत फिरणाऱ्या माणसाच्या घरी हे झालं, याची लाज अजून वाटते.

६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत भाजतं. ५० अंशांना त्याच गोष्टीला काही मिनिटं लागतात. लहान मुलांची कातडी पातळ, तिथं वेळ याहून कमी. म्हणून व्हॉल्व अडकला तर तो काढून टाकू नका. दुरुस्त करा, नाही तर नवा बसवा. तोपर्यंत बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम घरात सगळ्यांना लावून द्या.

दोष कुठं आहे ते आधी पाहा. दूध संस्थेत वापरतात तसा तापमापक असेल तर उत्तम. व्हॉल्वच्या आधी सोलरच्या लाइनवर नळ असेल तर त्यातलं पाणी जपून एका भांड्यात घेऊन मोजा. तेच कोमट असेल तर व्हॉल्वला दोष देऊ नका. ढगाळ दिवस असेल, किंवा लाईट नसल्यामुळं टाकी रिकामी होऊन पाइपात हवा अडकली असेल. सोलरकडून कढत येतं पण न्हाणीत गार येतं, तर गरम बाजूची जाळी तुंबली आहे किंवा दट्ट्या अडकला आहे. न्हाणीत चटका बसतो, तर गार बाजूची जाळी पाहा. पाणी क्षणात गरम, क्षणात गार होत असेल तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा नाही. पुष्कळ घरी गार पाण्याची जोडणी सरळ मोटारीच्या लाइनला केलेली असते, तिथं हे हमखास होतं. गार आणि गरम दोन्ही पाणी एकाच टाकीवरून आलं पाहिजे. आणि पाणी न वापरताच सोलरची टाकी रातोरात गार होत असेल, तर व्हॉल्वमधली नॉनरिटर्न झडप नीट बसत नसून गार पाणी उलटं गरम लाइनमध्ये शिरत असण्याचा संभव आहे.

साफसफाई सकाळी करा, रात्रीचं गरम पाणी वापरून झाल्यावर. सोलरची टाकी मात्र रिकामी करू नका. काचेच्या नळ्या कोरड्या तापल्या आणि दुपारी त्यात गार पाणी गेलं तर त्या तडकतात. व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद करा, खालचा नळ उघडून दाब जाऊ द्या. वरची टोपी काढा, आत खिट्टी दिसेल. ती आत्ता कुठं आहे तिथं खूण करा. मग खिट्टी हलक्या हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा. थोडी खरपुडी असेल तर एवढ्यानंच दट्ट्या सुटतो. सुटला नाही तर पान्यानं जोर करू नका. व्हॉल्व खोला आणि कुपी, स्प्रिंग, जाळ्या कोणत्या क्रमानं निघाल्या तशाच कापडावर मांडा. मी मोबाइलवर फोटो काढतो, विसरायला होत नाही.

ठिबकाला क्षार झाले की आपण हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो. ते इथं चालणार नाही. पितळ खातं आणि रबरी कड्याही खराब होतात. इथं किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पुरेसं आहे. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम घाला, प्लॅस्टिकच्या भांड्यात. ॲल्युमिनियमचं भांडं नको. त्यात भाग बुडवले की बुडबुडे येतील, तो चुना विरघळतो आहे. बुडबुडे थांबले की जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. सुरीनं खरवडू नका, पॉलिश पेपर लावू नका. ओरखडा पडला की तिथून गळतं. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. रबरी कड्यांना रॉकेल किंवा साधं ग्रीस नको, त्यानं त्या फुगतात.

कुपी जिवंत आहे का, हेही पाहून घ्या. आधी गार पाण्यात ठेवा, मग जेमतेम हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात, चिमट्यानं धरून. उकळत्या पाण्यात नको. दांडी थोडी बाहेर येऊन गार पाण्यात परत आत गेली, तर कुपी ठीक. हलली नाही, तर कितीही घासा, उपयोग नाही. नवी कुपी घाला, मिळाली नाही तर व्हॉल्वच बदला.

जोडण्याआधी पाइपातलं पाणी थोडं वाहू द्या, टाकीतला गाळ निघून जाईल. मग व्हॉल्व जोडा. गार पाण्याचा कॉक आधी उघडा, नंतर गरम पाण्याचा. खिट्टी खुणेवर आणा, पाणी काही मिनिटं वाहू द्या, बादलीत मोजा. ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. शेवटची परीक्षा ही, की नळ चालू असताना गार पाण्याचा कॉक बंद करायचा. व्हॉल्व चांगला असेल तर नळाचं पाणी काही क्षणांत थांबतं किंवा धार अगदी बारीक होते. कढत पाणी धो धो येत राहिलं, तर व्हॉल्व भरवशाचा नाही. ही परीक्षा करताना नळाखाली हात नको आणि आसपास मुलं नकोत.

पाणी जड असेल तर हे काम वर्षातून दोनदा करा. एकदा थंडी सुरू होण्याआधी. दुसऱ्यांदा फाल्गुनात, कारण उन्हाळ्यात गरम पाणी कोणी फारसं वापरत नाही आणि टाकीत ते सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

एवढं करूनही कोणी भाजलं, तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखान्यात न्या. लहान मूल असेल, किंवा मधुमेहाचा माणूस असेल, तर फोड लहान दिसला तरी डॉक्टरांना दाखवाच.