फौजेची वाट आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने आम्हांला, म्हणजे वस्तीतल्या माजी सैनिकांना, चार शब्द बोलायला सांगितले. बोलतो एकजण, पण बोलणे आम्हा सर्वांचे समजा. भाषणाची सवय आम्हांला नाही. फौजेत ऐकायची सवय लागते, बोलायची नाही.

मागच्या महिन्यात एक आई आमच्याकडे आली. पोरगा बारावीला. म्हणतो, परीक्षा राहू दे, मी अग्निवीर होतो. ती म्हणाली, "भाऊ, त्याला जाऊ नको म्हणून सांगा." दुसऱ्या दिवशी पोरगा हजर! "काका, आईला समजवा." दोघांनाही आम्ही तेव्हा चहा पाजून वाटेला लावले. आज त्यांना उत्तर देतो. दोघे समोर बसलेले आहेत, नावे घेत नाही.

फौज आपल्या समाजाला नवी नाही. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव भीमा सर्वांना ठाऊक आहे. पण लढाईइतकीच मोठी गोष्ट दुसरी होती. त्या पलटणींत शाळा होती. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सुभेदार आणि फौजेच्या शाळेत शिक्षक. गावच्या शाळेत ज्याला दाराबाहेर बसवत, त्याला छावणीत पाटी-पेन्सिल मिळत होती. मग १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. लढवय्या जाती वेगळ्या, तुम्ही त्यात नाही, असे म्हणाले! गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर, त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ ला मोडली. गरज असली की शूर, नसली की अस्पृश्य! १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी तरुणांना भरती व्हा म्हणून सांगितले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. नाव तेच आहे, पण जवान देशभरातले आणि सर्व जातींचे आहेत. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ ला धारातीर्थी पडून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे.

आता आपल्या जालन्याचे. आपल्याकडे इंग्रजांची छावणी होती, भोकरदनकडे आसईला १८०३ ची मोठी लढाई झाली. पण मुलूख निजामाचा. मुंबई फौजेची महारांची भरती मुख्यतः कोकणात आणि देशावर होत होती. म्हणून तिकडे घराघरांत सुभेदार-हवालदार निघाले, तसे आपल्या वाडीवस्तीवर फारसे निघाले नाहीत. आपल्या मराठवाड्याला शाळेचे दार बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढून उघडले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. तेव्हा पोरांनो, हे लक्षात घ्या. तिकडच्या लोकांना फौजेने शाळा दिली. तुम्हांला शाळा आधीच मिळालेली आहे. ती सोडून फौजेत जाणे म्हणजे उलटी वाट!

अग्निवीरचे खरे सांगतो. योजना जून २०२२ ची. नोकरी चार वर्षांची. जास्तीत जास्त शंभरातले पंचवीस पुढे कायम होणार, बाकीचे घरी. योजना आली तेव्हा ठरले त्याप्रमाणे पगार पहिल्या वर्षी तीस हजार, त्यातले नऊ हजार कापून हातात एकवीस. चार वर्षांनी सेवानिधीचे दहा लाखांच्या वर मिळतात, पेन्शन नाही. आमच्या वेळचे पेन्शन डोळ्यासमोर ठेवून कुणी फॉर्म भरू नका. आम्ही त्याच पेन्शनवर घर बांधले, हे लपवत नाही. पण साडेसतराव्या वर्षी गेलेला पोरगा बाविसाव्या वर्षी परत आला आणि हातात फक्त दहावीचे मार्कशीट असले, तर ते पैसे बहिणीचे लग्न आणि मोटारसायकल यांत संपतात. बारावी झालेली असली तर त्याच पैशावर पुढचे शिकता येते.

भरतीत आपल्याला राखीव जागा नाहीत. जातीचा दाखला मागतात, तो कागदपत्रांसाठी. आधी ऑनलाइन परीक्षा, मग सोळाशे मीटर धावणे, पुलअप, नऊ फुटांचा खड्डा. घड्याळ सर्वांना एकच. आणि एजंटला एक रुपया देऊ नका. वस्तीतल्या एका घराने शेळ्या विकून पैसे दिले होते. पैसेही गेले, पोराचे वयही निघून गेले.

अधिकारी होण्याचा विचार आपल्याकडे कुणी करतच नाही, याचे आम्हांला वाईट वाटते. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, १९७७ पासून शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर मुले निवडून एनडीएची तयारी करून घेतात. आपल्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर! आणि एनडीए २०२२ पासून मुलींनाही खुले झाले आहे. पाठीमागे बसलेल्या मुलींनो, ऐकू येते ना?

एका आजीने विचारले, पंचशील घेता आणि बंदूक कशी धरता? प्रश्न सोपा नाही. वैशालीचा सीह सेनापती उपासक झाला, त्याला सेनापतीपद सोड असे सांगितल्याचे विनयात नाही. पण योधाजीव सुत्तात भगवंतांनी, मारण्याच्या द्वेषाने लढणाऱ्याला सद्गती नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही दोन्ही वाचले आहे. सीमेवर रात्री पहाऱ्याला उभे राहून त्यावर विचारही केला आहे. उत्तर पूर्ण सापडले असे म्हणवत नाही. शत्रूचा राग मनात धरून उभे राहायचे नाही, एवढे मात्र पाळले.

तर त्या आईला आमचे सांगणे, ताई, त्याला अडवू नका, फक्त परीक्षा होईपर्यंत थांबवा. आणि पोरा, तू बारावीचा पेपर दे. तोवर रोज पहाटे पाचला मैदानावर ये, आम्ही येतो. बूट नसले तरी चालतील, ते आम्ही बघू. दुसरी मुले-मुली येणार असतील त्यांनी कार्यक्रम झाल्यावर बुद्धमूर्तीच्या डाव्या बाजूला नाव लिहून द्यावे, दहावीचे टक्केही लिहावेत.

नमो बुद्धाय. जयभीम.