कळांच्या वेळी पाय कोण चेपणार?



मुलींइतकीच मुलंही आज आली आहेत, याचा आनंद वाटतो. मला ‘बाळंतपणात रिफ्लेक्सॉलॉजी’ हा विषय दिलाय. मी प्रसूती विभागात नर्स आहे, त्यामुळे जे बोलेन ते खाटेजवळ उभं राहून पाहिलेलं.

पण आधी माझं सांगते. माझं पहिलं बाळंतपण एका मोठ्या दवाखान्यात झालं. अम्मीला दाराबाहेर बसवलं. मी ओरडले तर आतली बाई म्हणाली, “तुमच्यात दरवर्षीच असतं ना, मग आता कशाला ओरडता?” पहिलंच होतं माझं! कळांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. रात्री झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या. काही न बोलता त्यांनी माझे दोन्ही तळपाय हातात घेतले आणि अंगठ्याने टाचा दाबत बसल्या. कळा थांबल्या नाहीत. पण माझा श्वास जागेवर आला.

रिफ्लेक्सॉलॉजी हा शब्द मी पुढे नर्सिंगला गेल्यावर ऐकला. अमेरिकेत विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या डॉक्टरांनी शरीराचे उभे पट्टे कल्पून ‘झोन थेरपी’ मांडली आणि 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी तळपायाचा नकाशा तयार केला. अंगठा म्हणजे डोकं, घोट्याच्या आतल्या बाजूला गर्भाशय, असं. हा नकाशा खरा असल्याचा पुरावा शरीरशास्त्रात नाही. टाचेतून गर्भाशयाकडे जाणारी वेगळी तार कुणाला सापडलेली नाही.

मग उपयोग काहीच नाही का? इराणमध्ये यावर बरंच काम झालंय. 2011 साली छापलेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींचे तीन गट केले होते. एका गटाचे पाय दाबले, दुसऱ्या गटाला जवळ बसून धीर दिला, तिसऱ्या गटाला नेहमीची सेवा. पाय दाबलेल्या बायकांनी वेदना कमी सांगितल्या. पण आपले पाय दाबले जातायत हे बाईला कळतंच की! त्यामुळे गुण त्या ठरावीक बिंदूंचा की मायेच्या हाताचा, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. मला वाटतं, हाताचाच. कळा सोसणाऱ्या बाईला मात्र या वादाशी देणंघेणं नसतं.

सतत जवळ कुणीतरी असण्याचा पुरावा याहून भक्कम आहे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती होती. सोबत असलेल्या बायकांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि सिझेरियनही कमी झाली. आपल्या सरकारनेही 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिलीय. खासगीपणाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. नाव नोंदवतानाच हे विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर भांडायचं बळ कुणात नसतं.

आता मुलांनो, तुमच्याकडे वळते. आपल्या घरात सून सासूचे पाय चेपते, बायको नवऱ्याचे चेपते. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावला की कुणीतरी हसतंच. “जोरू का गुलाम!” माझ्या वॉर्डात एक मुलगा बाहेर फक्त फेऱ्या मारत होता. मी आत बोलावलं तर म्हणाला, “सिस्टर, मी काय करणार?” मी त्याला तिचे पाय दाखवले. लाजला, मग बसला. पहाटेपर्यंत बसला.

करायचं कसं? हात धुवा, नखं कापा, अंगठ्या काढा. तेल अगदी थोडं घ्या. ती उठून चालणार असेल तर आधी तळवे पुसा, नाहीतर फरशीवर पाय घसरतो. हे मी पाहिलंय. अंगठ्याने टाचेपासून बोटांकडे सावकाश दाबत जा. कळ आली की पाय सोडा आणि कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताने घट्ट दाब द्या. बऱ्याच बायकांना तिथेच बरं वाटतं. शेवटी शेवटी ती हात झटकून टाकेल. तेव्हा रागावू नका, बाजूला व्हा.

एका पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दुखत असेल तर अजिबात चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गाठ असू शकते. रक्तस्राव, हिरवट पाणी, डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर मसाज राहू द्या, 108 ला फोन करा. ‘बिनवेदनेची प्रसूती’ म्हणून पाय दाबायचं पॅकेज विकणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. आणि तिने वेदना कमी करण्याचं इंजेक्शन मागितलं तर “आमच्या वेळी नव्हतं” हे तिला ऐकवू नका.

चला, चटई अंथरलीय. दोन जोडपी पुढे या. भाईजान, तुम्ही मागे का सरकताय? आधी नखं दाखवा.