शाळेंत न जाणारें मूल
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगलसमयीं आम्ही एका अप्रिय विषयास हात घालीत आहों, याबद्दल क्षमा असावी. लोणंदच्या बाजारांत कांद्याची आवक वाढली, कीं शाळेंतील बांक रिकामे होऊं लागतात. ऊसतोडीस बाहेरून आलेल्या कुटुंबांचीं मुलें तर कोयत्यामागोमाग फडांतच राहतात. याचा जाब कोणास विचारावा?

पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीं तो बापास विचारिला. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेलीस सक्तीचें शिक्षण सुरू केलें, व १९०६ सालीं तें सर्व बडोदें संस्थानास लागू केलें. करवीरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं तीच सक्ती आणिली; मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. त्या काळचा रुपया मजुरास कांहीं थोडाथोडका नव्हता! मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्यानेंहि हजेरीचा हुकूम मोडणाऱ्या पालकास न्यायालयापुढें नेण्याची सोय ठेविली.

पुढें २००२ च्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मुलाचा मूलभूत हक्क ठरला. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांचें मूल शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य म्हटलें, पण त्यास दंड लाविला नाहीं; मूल शाळेंत यावें, टिकावें व त्याचें शिक्षण पुरें व्हावें, ही सक्ती सरकारावर घातली. पूर्वी न्यायालयापुढें बाप उभा राही, आतां सरकारासहि उभें करितां येतें. आम्हांस हा पालट योग्य वाटतो. ज्या घरीं सांजेच्या पिठाची भ्रांत, तेथें दंड तरी कशांतून भरावयाचा? मात्र दंड नाहीं, म्हणून आपण मोकळे झालों असें नव्हे.

आमचीच गोष्ट सांगतों. गेल्या सणास मंडप सजविण्यासाठीं आम्हीं कांहीं मुलांस तीन दिवस शाळेच्या वेळीं बोलाविलें. त्यांतला एक पुढें शाळेंत गेलाच नाहीं. आईबरोबर कांदा निवडूं लागला. आम्हीं रागें भरलों, तेव्हां तो म्हणाला, “फादर, तुम्ही बोलाविलें तें चाललें, मग आईनें बोलाविलें तर काय झालें?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्याच कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें अशा मुलास वयानुरूप वर्गांत पुन्हां प्रवेश मिळतो. येत्या सोमवारीं आम्ही त्याच्या आईस घेऊन मुख्याध्यापकांकडे जाणार आहों. तिचा त्या दिवसाचा रोज बुडेल. तो ज्युबिलीच्या वर्गणींतून द्यावा, अशी आमची विनंति आहे; आपली संमति असल्यास सभा संपतांच चिटणीसांस कळवावें.