धूळपाटीवरची पहिली ओळ

 

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथं नवख्यांच्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात, विचारपूस करायच्या पानाला ‘चावडी’. आपली मुलं हिंदीत शिकतात, मराठी लिहायला कचरतात. त्यांना हट्ट्याच्या बावडीवर दोन ओळी लिहू द्या. आधी धूळपाटीवर, मग लेखात. आजोबांनी सांगितलेली गोष्ट तिथं संदर्भाशिवाय टिकत नाही. १९०७ चं बालाघाट गॅझेटियर चाळावं लागतं. कुणी ओळ काढली की मूल हिरमुसतं. तेव्हा शेजारी बसून ‘इतिहास’ उघडा. काढलेली ओळ तिथं शिल्लक असते, बहुधा कारणही. शुद्धलेखन दुसरा कुणी सुधारेल. व्यासांनी सांगितलं, गणपतीनं लिहिलं. आपल्या घरातला लिहिणारा हात थांबू देऊ नका.