पावसाळ्यातली मर आणि औषधाची बाटली



कर्जत-खालापुरात भाताची लावणी आटोपत येते, त्याच सुमाराला पोल्ट्रीच्या शेडमध्ये मर लागते. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारा हा मुलूख. बाजूचे पडदे खाली सोडलेले, आत हवा कोंडलेली आणि पाण्याच्या भांड्यांभोवतीचं भाताचं तूस ओलं होऊन त्याच्या ढेपा झालेल्या. चार पक्षी मेले की मालक दुकान गाठतो आणि ‘जरा जोरदार द्या’ म्हणून अँटिबायोटिक घेऊन येतो. माझी विनंती आहे, पाण्यात औषध टाकण्याआधी मेलेला ताजा पक्षी पशुवैद्यकाकडे न्या आणि तो फाडून बघायला सांगा.

आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्या रक्तानं भरलेल्या दिसल्या, तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. पावसाळ्यात ही सर्रास आढळते. विष्ठेतून पडणारी या परजीवीची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात, आणि नेहमीच्या जंतुनाशक फवारणीला ती दाद देत नाहीत. म्हणून तूस रोज हलवणं, ढेपा उचलून बाहेर काढणं, गळकी भांडी दुरुस्त करणं हा निम्मा इलाज. उरलेला निम्मा अँप्रोलियमचा. हे औषध परजीवीला ब-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही. अशक्तपणा दिसतो म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घातलं, तर औषधाचा जोर आपणच मोडतो. पुष्कळ शेडमध्ये हे घडतं.

जठराच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके असले तर संशय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. शेपटीखालची बर्सा ग्रंथी सुजलेली आणि मांडीच्या मांसात रक्ताचे चट्टे असले तर गंबोरोचा. दोन्ही विषाणूंचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पहिल्या आठवड्यात मानमोडीसाठी लासोटा आणि दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची लस, हाच बचाव. लस बर्फातून आणा आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात कालवू नका. वाडी-पाड्यांवरच्या गावठी कोंबड्या मानमोडीनं एका आठवड्यात संपतात. लसीच्या एका बाटलीत पुष्कळ कोंबड्यांच्या मात्रा असतात आणि बाटली फोडली की ती दोनेक तासांत वापरावी लागते. तेव्हा सगळ्या पाड्यानं मिळून सकाळी, खुराडी उघडण्याआधीच दवाखान्याच्या माणसाला बोलवावं.

काळजावर, हृदयावर पांढरा पापुद्रा दिसला तर बहुधा ई. कोलाय. इथे अँटिबायोटिकला काम आहे. पण कोणतं आणि किती दिवस, हे पशुवैद्यकानं ठरवायचं, आणि सांगितलेले दिवस पूर्ण द्यायचे. कोलिस्टिन तर मागूच नका. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी औषधं हरली की डॉक्टर त्याच्याकडे वळतात. म्हणून २०१९ साली केंद्र सरकारनं कोंबड्यांसाठी आणि खाद्यात त्याच्या वापराला बंदी घातली.

शेवटचा डोस आणि विक्री यांत किती दिवस जायला हवेत, हे लेबलवर पाहा. तिथे छापलेलं नसेल तर औषध नियमांनुसार मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी ७ दिवस थांबावं लागतं. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत विकला जातो. म्हणजे असं औषध तिसऱ्या आठवड्यात दिलं, तरी विक्रीच्या दिवशी मुदत उलटलेली नसते. ही कोंबडी आपल्याच गावातली मुलं खातात.

एकदम पुष्कळ पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर मात्र पक्षी फाडू नका, हलवू नका, विकू नका. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा तो आपल्याला लांबचा वाटला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याच जिल्ह्यात, उरणच्या चिरनेरला सापडला. अशा वेळी शेड बंद करा आणि लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुने घेण्याचं काम त्यांचं.

रोजची मर असेल तर मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नका. ते पाणी पुढे उल्हासला नाहीतर पाताळगंगेला मिळतं. विहिरीपासून लांब, उंचवट्यावर खोल खड्डा घ्या, चुना पसरा, आणि कुत्रं उकरणार नाही इतकी माती वर लोटा.