एक मागणी, दोन वखारी

गेल्या वर्षीं गणेशचतुर्थीच्या आठ दिवस आधीं मीं मखरासाठीं एक भरजरी पडदा आणि तो ताणून बसविण्याचा लोखंडी सांगाडा, अशा दोन वस्तु एका ऑनलाइन दुकानाकडे मागविल्या. पैसे एकदांच भरले. पडदा वेळेवर आला. सांगाडा मात्र, दीड दिवसांच्या गणपतीचें विसर्जन करून आम्ही परतलों तेव्हां दारांत उभा! चूक कोणा हमालाची नव्हती. पडदा एका वखारींतून निघाला होता, सांगाडा दुसरींतून. ही वांटणी कशी होते, हाच आजचा विषय आहे.

हें काम आतां कारकून करीत नाहीं. दुकानाची आणि वखारींची यंत्रणा एपीआयच्या द्वारें परस्परांशीं बोलतात. एपीआय म्हणजे एका यंत्रणेनें दुसरीला प्रश्न कसा विचारावा व दुसरीनें उत्तर कसें द्यावें, याविषयींचा ठरीव करार. मागणी येतांच प्रश्न जातो : ही वस्तु कोठें आहे, आणि किती नग? यांत एक बारकावा आहे. वखारींत दहा नग असले, पण त्यांतील आठ इतरांना कबूल झालेले असले, तर विकाऊ नग दोनच. हा भेद न पाळल्यास शेवटचा नग दोघांना विकला जातो. म्हणून मागणी स्वीकारतांच माल राखून ठेवावा लागतो.

कॅनडांतील शॉपिफाय या कंपनीच्या पद्धतींत एका ऑर्डरीच्या पोटीं एक वा अनेक ‘फुलफिलमेंट ऑर्डरी’ तयार होतात आणि प्रत्येकीला माल रवाना करणारें एक ठिकाण नेमून दिलेलें असतें. दुकानदाराला एपीआयमधून त्यांतील एखादी दुसऱ्या ठिकाणीं हलवितां येते, किंवा पांच नगांची असेल तर फोडून तीन व दोन अशी करतां येते. ग्राहकाची मूळ ऑर्डर एकच राहते.

यंत्रांचा संवादहि कधीं मध्येंच तुटतो. ‘माल पाठवा’ हा निरोप गेला, पण पोंच आली नाहीं, तर तो पुन्हां धाडावा काय? धाडल्यास माल दोनदां जाण्याचें भय! यास्तव प्रत्येक निरोपावर एक स्वतंत्र खूण घालतात. तीच खूण पुन्हां दिसली कीं समोरची यंत्रणा जुनेंच उत्तर देते, नवें काम करीत नाहीं.

आपल्या देशांत या वांटणीला कराचीहि बाजू आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाला. पुण्याच्या ग्राहकाला भिवंडीहून माल गेला तर केंद्राचा व राज्याचा असे दोन कर लागतात. तोच बंगळूरहून गेला तर एकात्मिक कर लागतो. अर्थात् वखार बदलली कीं बिलहि बदलतें.

मग नियम कोणता ठेवावा? सर्व वस्तु एकाच वखारींत मिळतात काय, हें बहुधा प्रथम पाहतात. न मिळाल्यास मागणी फोडतात. फोडल्यानें टपालखर्च वाढतो, न फोडल्यास ग्राहक खोळंबतो. पुस्तक आणि साबण वेगवेगळे आले तरी बिघडत नाहीं. पडदा आणि सांगाडा मात्र एकमेकांवांचून निरुपयोगी. ही जोडी यंत्राला आपोआप कळत नाहीं. ती दुकानदारानेंच आधीं नोंदवावयास हवी. आणि माल फोडूनच पाठवावयाचा असेल, तर पैसे घेण्यापूर्वीं ग्राहकाला दोन्ही तारखा स्पष्ट सांगाव्या. एवढें मला कोणीं सांगितलें असतें, तर मीं सांगाडा गल्लींतल्या सुताराकडून करून घेतला असता.

तो सांगाडा आतां माळ्यावर आहे. पुढच्या चतुर्थीला निदान त्याची वाट पाहावी लागणार नाहीं.