यंत्रमानव आणि वेठ



मराठीच्या अध्यापकाने यंत्रमानवावर बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु ‘रोबो’ हा शब्द प्रयोगशाळेतून नव्हे, नाटकातून आला. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली तो आपल्या नाटकात योजिला. सुचविला होता त्याच्या भावाने. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपला ‘यंत्रमानव’ माणसाचे रूप सांगतो, वेठ मात्र विसरतो.

२००८ साली पुण्यात अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची आशिया-पॅसिफिक ‘रोबोकॉन’ स्पर्धा झाली. विषय होता आपली दहीहंडी! गोविंदाला खांद्यावरचा भार उमगतो, तोल आपोआप सावरतो. यंत्राला तेच मोजून-मापून शिकवावे लागते. देहाला जे न बोलता कळते, ते आधी शब्दांत आणि मग गणितात मांडावे लागते. या संशोधनाचा कस लागतो तो येथेच.

मुंबईच्या आयआयटीच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमातून अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आहेत. आपल्या दूधगंगाकाठची मुले तेथे गेली, तर त्यांना ऊसतोडच आठवेल. तोड जमिनीलगत हवी, कारण साखर बुडख्याकडे अधिक. कोयता धरणारा हात हे जाणतो. पण बुडखा, पाचट, वाढे, मोळी हे त्याचे शब्द इंग्रजी पाठ्यपुस्तकांत कोठून असणार? ते टिपणारी एक वही या ग्रंथालयाने ठेवावी. तोड यंत्राकडे गेल्यावर वेठीतून कोण सुटला आणि भाकरी कोणाची गेली, हेही त्याच वहीत नोंदवावे.